पूल मोकळा

जुनी आहे मी, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको. मित्रांनो, मी एका गेमची डिस्क आहे. अंगावर चरे आहेत, माझ्या डबीचा एक कोपरा दातांनी उघडल्यामुळे चेपलेला आहे. 'कोबाल्ट फ्रंट' नावाच्या बंदुकांच्या खेळाचा मी चौथा भाग. आमच्या घराण्यात दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला नवा भाग जन्माला येतो. माझ्या पाठीवर किती भावंडं झाली, ते मोजायचं मी कधीच सोडून दिलं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. प्लास्टिकचे दाणे वितळवले, साच्यात दाबले, वर चकचकीत मुलामा चढवला आणि माझ्या पोटात एक अख्खी लढाई भरली. त्यात एक नदी होती, पडकी गिरणी होती आणि नदीवर एक लांबलचक लोखंडी पूल होता. तो पूल ओलांडल्याशिवाय पुढे जाताच येत नसे. मला माझ्या पुलाचा फार अभिमान होता. अजूनही आहे, का लपवू?

अक्षदानं मला घरी आणलं तेव्हा ती कॉलेजात शिकत होती. घर जयपूरच्या खातीपुऱ्यात. वडील सुखदेव रेल्वेत लोको पायलट, म्हणजे इंजिन चालवणारे. मूळचे बडनेऱ्याचे. बदलीनं इकडे आले आणि इकडचेच झाले, पण बोलणं मात्र बडनेऱ्याचंच राहिलं. आई सुलोचनाबाई. घरात सगळे सुखदेवरावांना बाबा म्हणतात, म्हणून मीही बाबाच म्हणते.

माझी खासियत अशी की माझ्यात पडद्याचे दोन भाग होतात. वरच्या अर्ध्यात एक खेळाडू, खालच्या अर्ध्यात दुसरा. दोघं एकाच सोफ्यावर, खांद्याला खांदा लावून. एका रविवारी अक्षदाची मैत्रीण यायची होती, ती आलीच नाही. बाबा ड्युटीवरून येऊन जेवून बसले होते. अक्षदानं दुसरा कंट्रोलर त्यांच्या हातात कोंबला.

"मले नाही येत बाप्पा हे," बाबा म्हणाले.

खरंच येत नव्हतं. पहिल्याच झटक्यात त्यांनी स्वतःच्या पायाशी बॉम्ब टाकला. मग भिंतीकडे तोंड करून बराच वेळ चालत राहिले. सुलोचनाबाई मटार सोलता सोलता म्हणाल्या, "गाडी रुळावरून उतरली वाटते तुमची." बाबांनी लक्ष दिलं नाही. आणि मग माझा पूल आला. बाबांचा उजवा हात आपोआप वर उठला, बोट पडद्याकडे गेलं आणि ते खणखणीत आवाजात बोलले, "पूल मोकळा."

अक्षदा हसायला लागली.

"हसू नको," बाबा म्हणाले. "इंजिनात आमचं असंच असते. सिग्नल दिसला का हात दाखवून मोठ्यानं बोलायचं, अन् जोडीदारानं तेच परत बोलायचं. तू परत नाही बोलली त मी समजीन का तुले दिसलंच नाही."

तेव्हापासून त्यांची ती रीतच पडली. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं परत बोलायचं. "डावीकडं जिना." "डावीकडं जिना." "गिरणीत दोघं." "गिरणीत दोघं." तुम्हाला वाटेल, काय हा येडेपणा. पण या जोडीला हरवणारं अख्ख्या कॉलनीत कुणी उरलं नाही. शेजारपाजारची मुलं बघायला यायची, दारात चपलांचा ढीग पडायचा. कौतुक बाबांचं व्हायचं आणि फुगायचे मी. एरवी बापलेकीत बोलणं बेताचंच होतं, कारण बाबा ड्युटीवरून यायचे तेव्हा अक्षदा कॉलेजात असायची. आठवड्याचं सगळं बोलणं त्या सोफ्यावर व्हायचं, दोन गोळीबारांच्या मध्ये.

मग माझ्या पाठची भावंडं येऊ लागली. पाचवी आली, सहावी आली. बऱ्या होत्या बिचाऱ्या, त्यांच्यातही दोघांना जागा होती. पण सातवीपासून सगळं बदललं. तिला चालवायला नवं मशीन लागलं आणि दोघांचा पडदा बंद झाला. ज्याला खेळायचं त्यानं आपापल्या घरी, आपापल्या मशीनवर, कानाला हेडफोन लावून. अक्षदाला तोवर विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात डिझाइनचं काम मिळालं होतं. तिथला कौशिक आणि बाकीची मंडळी नवा भाग निघाला की त्याच दिवशी घ्यायची. आपण मागे राहायला नको म्हणून तीही घ्यायची. मी जुन्या मशीनबरोबर खालच्या कप्प्यात गेले.

कप्प्याच्या फटीतून मला सोफा दिसायचा. अक्षदा हेडफोन लावून खेळत असायची आणि बाबा सोफ्याच्या मागे उभे असायचे. ते हात उचलून म्हणायचे, "उजवीकडं गच्चीवर माणूस." तिला ऐकूच जायचं नाही. बाबा थोडा वेळ थांबायचे, कुणी परत बोलतंय का बघायचे आणि मग कुंड्यांना पाणी घालायला जायचे. मला फार वाईट वाटायचं. रागही यायचा, खोटं कशाला बोलू.

आणि गंमत अशी, मित्रांनो, की नव्या भागांत नवं काहीच नव्हतं. तोच धूर, तीच पळापळ, बंदुकीला फक्त नवा रंग. माझाच पूल उचलून त्यांनी कधी बर्फात ठेवला, कधी वाळवंटात, आणि नाव बदललं. वर्षभर खपून अक्षदा सुभेदार व्हायची आणि दिवाळी आली की नव्या भागात पुन्हा साधी शिपाई. पहिली काही वर्षं तिला त्यात मजा वाटली. पुढे ती जांभया देत खेळायला लागली. सुलोचनाबाई एकदा म्हणाल्या, "दरसाली नवं काढतात, अन् मारामारी तीच. मी दरसाली तोच चिवडा केला त तुम्ही नावं ठेवता."

यंदा दिवाळीनंतर कौशिकचा फोन आला. अक्षदानं आवाज मोठा ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"घेतलीस का नवी?"

"नाही घेत यंदा," ती म्हणाली. "खरं सांग कौशिक, तुला मजा येते?"

"मजा नाही येत गं. पण सगळे घेतात ना."

"मग सगळ्यांना घेऊ दे. माझं पक्कं झालं. मी नाही घेणार."

मी खालच्या कप्प्यात इतकी खूश झाले की विचारू नका. आता हिला माझी आठवण येणार, असं मला वाटलं. आणि दुसऱ्याच दिवशी कप्पा उघडला. हात बाबांचा होता.

बाबा मला पिशवीत घालून बाजारातल्या दुकानात घेऊन गेले. जुनी डिस्क द्या, वर पैसे घाला आणि नवी घ्या, असा तिथला व्यवहार. काउंटरवर नवी कोरी डिस्क होती, माझी सगळ्यात धाकटी बहीण. तिच्या डबीवर दोन शिपाई खांद्याला खांदा लावून उभे होते. बाबांनी चष्मा चढवला आणि ते चित्र निरखून पाहिलं.

"याच्यात दोघं आहेत ना, भैया?"

"दोघं काय, फौजच आहे," दुकानदार हिंदीत म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

बाबांचा चेहरा उजळला. चित्रात दोघं म्हणजे सोफ्यावरही दोघं, असं त्यांनी धरलं. सारी हयात सिग्नल बघण्यात गेलेला माणूस, जे दिसतं तेच खरं मानणार. त्यांनी मला काउंटरवर ठेवलं. जाताना माझ्यावरून एकदा बोट फिरवलं आणि धाकटीला घेऊन लगबगीनं निघाले.

पुढे घरी काय झालं ते मला धाकटीनं नंतर सांगितलं. बाबांनी डबी अक्षदाच्या पुढ्यात ठेवली आणि स्वतः दुसरा कंट्रोलर घेऊन सोफ्यावर जाऊन बसले, ताठ, ड्युटीवर बसल्यासारखे. अक्षदाला यंदा नवी नको होती, पण त्यांचा उत्साह बघून तिनं ती लावली. पडदा काही दोन भागांत झाला नाही. बाबांच्या हातातला कंट्रोलर नुसताच लुकलुकत राहिला.

"बाबा, यात मतलब... दोघं नाही खेळू शकत."

"काहून? फोटोत त दोघं आहेत."

अक्षदानं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. "जुनी कुठे आहे?" तिनं विचारलं.

"दिली. हिच्यासाठी." बाबांनी कंट्रोलर हळूच खाली ठेवला. "तुह्याजवळ बसायले भेटन म्हणून दिली वं."

अक्षदा रडली, असं धाकटी म्हणाली. मग तिनं तोंड धुतलं, टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "रविवारी आपण ती परत आणायची. कुठेही असली तरी."

मी तोवर जयपूरजवळच्या चौमूं गावी पोचले होते. दुकानदाराच्या मेहुण्याचं, भंवरजींचं, तिथे मुलांचं गेमिंगचं दुकान होतं. दोन बाकं, जुनी मशीनं. दोघांनी मिळून खेळायच्या डिस्कला तिथे मोठी मागणी. आल्या आल्या मला हातोहात उचललं गेलं. पण डिस्क पुसायची कशी, हे त्या मुलांना कुणी शिकवलंच नव्हतं. शर्टाचं टोक घ्यायचं आणि गोल गोल घासायचं. धुळीचे कण माझ्या अंगावर गोल फिरत राहिले आणि चरे पडले. मग मी पुलावर अडकायला लागले. खेळाडू पुलाच्या मधोमध आले की चित्र जागच्या जागी थिजायचं. मुलं मशीनवर थापा मारायची. शेवटी भंवरजींनी मला फळीवर टाकलं आणि माझ्यावर चहाचा ग्लास ठेवायला सुरुवात केली. माझ्या पुलाचा मला केवढा अभिमान, आणि अडकायचं तेही तिथेच. माझी उमेद संपली होती.

बाजारातल्या दुकानदाराकडून पत्ता काढून रविवारी दोघं बसनं आली. अक्षदाच्या पिशवीत धाकटी होती, आणखी पाचवी आणि सहावीही.

"या तिन्ही घ्या," ती भंवरजींना हिंदीत म्हणाली, "आणि आमची चौथी परत द्या."

भंवरजींनी धाकटीची डबी उलटीपालटी केली. "इसमें दो जने नहीं बैठते, बहनजी. ये आप रखो." पाचवी आणि सहावी त्यांनी घेतली. मग ग्लास उचलून मला पुढे सरकवलं. "पर ये तो गई. पुल पे अटक जाती है. फेंकने वाला था."

बाबांनी मला हातात घेतलं आणि उजेडात धरलं. अंगभर चरे दिसले. "माह्या हातानं घालवली मी," ते म्हणाले. "चाल अक्षू. घरी जाऊ."

"बसा, बाबा," अक्षदा म्हणाली.

तिनं त्यांच्या चष्म्याच्या घरातलं मऊ फडकं काढलं. मला मधून कडेकडे, सरळ, हलक्या हातानं पुसलं. मशीनमध्ये घातलं. दोघं बाकावर बसली, मुलं भोवती जमली. गिरणी पार झाली, जिना पार झाला, पूल आला आणि मी अडकले. मुलं म्हणाली, बघा, अडकलीच. अक्षदानं मला काढलं, पुन्हा पुसलं, पुन्हा लावलं. मी पुन्हा तिथेच अडकले. भंवरजी म्हणाले, "टाइम खराब कर रहे हो." बाबा उठायला लागले. तिनं त्यांचा हात धरून खाली बसवलं आणि मला तिसऱ्यांदा पुसायला घेतलं. तिचा चेहरा मला अगदी जवळून दिसत होता. ही पोरगी संध्याकाळपर्यंत उठणार नाही, हे मला कळलं. मग मीही ठरवलं.

पूल आला. बाबा गप्प होते. सातवी आल्यापासून त्यांच्या बोलण्यावर कुणी परत बोललंच नव्हतं, त्यांची सवय सुटली होती.

"बाबा, बोला ना," अक्षदा म्हणाली. "तुम्ही बोलल्याशिवाय मी पुढे नाही जाणार."

बाबांचा हात वर उठला. बोट पडद्याकडे गेलं. "पूल मोकळा," ते म्हणाले. आवाज चिरका निघाला.

"पूल मोकळा," अक्षदा म्हणाली.

तो चरा माझ्या अंगावरून कसा गेला ते माझं मला ठाऊक. पोटात लिहिलेलं एक अक्षर सुटत होतं, पुढचं मी घट्ट धरलं, त्याच्या पुढचंही धरलं. चित्र थबकलं, थरथरलं आणि चालू लागलं. दोघं पलीकडच्या काठाला पोचली. बाकामागची चौमूंची मुलं, ज्यांना मराठीचं अक्षर येत नाही, तीही हात उचलून ओरडली, "पूल मोकळा." बाबांनी चष्मा काढला आणि त्याच फडक्यानं डोळे पुसले.

आता मी खातीपुऱ्यात वरच्या फळीवर असते. धाकटी माझ्या शेजारी आहे. तिची काही चूक नाही. तिच्या घडणीतही कुणाचे तरी कष्ट आहेत, पण तिला दोघांची जागा ठेवून घडवलंच नाही. कौशिकही हल्ली रविवारी इकडे येतो आणि बाबांकडून हरून जातो.

मित्रांनो, माझ्यासारखी कुणी तुमच्या घरी असली तर तिला गोल गोल घासू नका. मधून कडेकडे, सरळ पुसा. तिच्यावर चहा ठेवू नका. आणि नवी आणायची असेल तर खुशाल आणा, फक्त आधी बघा, की तुमच्या शेजारी बसणाऱ्याला तिच्यात जागा आहे का.

आज रविवार आहे. जेवणं झाली आहेत, सुलोचनाबाई मटार घेऊन बसल्या आहेत. थोड्या वेळानं पूल येईल आणि बाबा हात उचलून बोलतील. तुम्ही जवळपास असलात तर परत बोला. नाहीतर त्यांना वाटेल, तुम्हाला दिसलंच नाही.