रस्त्याकडच्या रांगा

आमच्या बाबांना पहिल्या फटक्यात 'हो' म्हणता येत नाही. चहा विचारला तरी नको, जेवायला बसा म्हटलं तरी नको. घराला आग लागलेली असताना कुणी बादली पुढे केली असती तरी ते म्हणाले असते, "छे छे, उगाच कशाला तुम्हाला त्रास." मग समोरच्याने दुसऱ्यांदा आग्रह करायचा, यांनी पुन्हा आढेवेढे घ्यायचे आणि तिसऱ्यांदा म्हटलं की मग कुठे हात पुढे यायचा. आम्हा इराण्यांत याला तारोफ म्हणतात. इराणातल्या रफसंजानची बाग सोडून बाबा कॅलिफोर्नियात आले तेव्हा सोबत जवळजवळ काहीच आणता आलं नाही, तारोफ मात्र अख्खा आला.

बुधवारी सकाळी शेजारच्या एमिल गिस्लरने कुंपणापाशी गाडी थांबवून त्यांना विचारलं, "इरज, पाणी हवंय का?" आणि बाबा म्हणाले, "नको."

मी शेजारी उभी होते. आमच्या पिस्त्याच्या बागेची बोअर आटली होती आणि पंप नुसती हवा ओढत होता. नवी बोअर मारणाऱ्यांकडे इतकी मोठी रांग होती की आमचा नंबर पुढच्या वर्षीही लागला नसता. जुलै म्हणजे पिस्त्यात गर भरण्याचा महिना. बाहेरून घोस टपोरे दिसतात, पण या दिवसांत झाडाला पाणी मिळालं नाही तर आत काहीच धरत नाही, कवच फोडलं की पोकळ. बाबा रोज सकाळी खिशातल्या चाकूने एखादा पिस्ता चिरून बघत आणि चाकू मिटून पुढे जात. बाग बँकेकडे गहाण होती. पीक पोकळ निघालं असतं तर सप्टेंबरनंतर ती आमची राहिली नसती.

एमिल म्हणाला, "या वर्षी मी मका लावला नाही. अर्ध्या गाई विकल्या. माझ्या बोअरला पाणी आहे. ती बदामवाली कंपनी पाणी विकत घ्यायला मागे लागलीय, पण तू शेजारी, म्हणून आधी तुला विचारतो."

बाबांनी छातीवर हात ठेवला. "तुमचं प्रेम आहे, आगा एमिल. पण आधी तुमच्या गाई. आमचं अगदी छान चाललंय."

"बरं," एमिल म्हणाला. त्याने टोपी नीट केली, तारेने बांधलेलं गाडीचं दार ओढून घेतलं आणि तो गेला.

"बाबा!" मी ओरडलेच.

"कळतंय मला. घाई काय आहे? येईल तो परत."

मला तिथल्या तिथे डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. गिस्लरांच्या घरी आग्रह नावाची वस्तूच नाही. एमिलचे आजोबा स्वित्झर्लंडच्या डोंगरातून इथे दुसऱ्याच्या गाई पिळायला आले, तेव्हापासून त्या घरात एकदाच विचारतात. त्याची बायको व्हेरेना टेबलावर चीजची बशी ठेवते, "घेणार?" म्हणते, आणि आपण नको म्हटलं की बशी उचलते. शेजारी राहायला आल्यापासून बाबांनी त्या घरात एक घास खाल्लेला नाही. परत येताना गाडीत ठरलेलं पुराण असायचं. "चिकट माणसं! बघितलंस? चीजसुद्धा जिवावर आल्यासारखं देतात. बिचारे गरीब असणार."

आणि तिकडे व्हेरेनाने मला एकदा हळूच विचारलं होतं, "तुझ्या वडिलांना आमच्या हातचं चालत नाही का गं?"

मी गावातल्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. दरवर्षी मुलांना एक काम देते: बाहेरून इथे आलेल्या लोकांच्या पुढच्या पिढ्या कुठवर पोहोचल्या, त्यांची कमाई, शिक्षण, घरं ताडून पाहा. एका मुलीने नेमके इराणी आणि स्विस निवडले. दोघांची सरासरी कमाई देशाच्या सरासरीहून वर. "मग मॅडम, जास्त सुखी कोण?" तिने विचारलं आणि मी काहीतरी शहाणपणाचं बोलून वेळ मारून नेली. खरं उत्तर आमच्या कुंपणाच्या दोन बाजूंना होतं. इकडे दारात पांढरे खांब, भिंतीवर आम्हा भावंडांच्या पदव्या, अंगणात पांढरी मर्सिडीज, आणि यातलं काहीच पुरतं आमचं नाही. तिकडे पत्र्याचं छप्पर, ठिगळाची विजार, आणि जमिनीवर एका डॉलरचंही कर्ज नाही. बाबांना एमिल कंगाल वाटायचा आणि एमिलला आम्ही गडगंज वाटायचो. सरासरीच्या आकड्याला कुणाची बोअर आटलीय हे कुठे ठाऊक असतं.

एमिल परत आला नाही. बुधवार गेला. गुरुवारी दुपारी कॉलेजातून येताना मी पाहिलं, गिस्लरांच्या वाटेवर एका ट्रकमधून जाड पाइप उतरवत होते. बदामवाल्या कंपनीचा ट्रक होता.

घरी मामान, म्हणजे माझी आई, तांदूळ निवडत होती. बाबा टेबलाशी बसले होते आणि त्यांच्यासमोर चिरलेले पाच-सहा पिस्ते होते. आतला दाणा मसुराएवढा.

"पाइप आलेत," मी म्हणाले. "आता तरी जा."

"मागायला जाऊ?"

"तो स्वतः द्यायला आला होता, बाबा!"

"एकदा आला." बाबांनी एक बोट वर केलं. "एकदाच. द्यायचंच असतं तर परत आला असता. परत आला नाही, म्हणजे ते विचारणं तोंडदेखलं होतं. शेजारधर्म म्हणून बोलून गेला बिचारा. त्याच्या सभ्यपणाचा फायदा घेऊन मी हावरटासारखा हात पुढे करू?"

मामानने ताट खाली ठेवलं. "इरज, तो स्विस आहे. तुमच्या मेव्हण्यासारखा दारात उभा राहून गळ घालणार नाही."

"स्विस असेल. माणूस आहे ना?"

"आणि बाग गेली की? खांबांना पाणी घालणार आहात?"

"बास, सूदाबे." बाबांचा आवाज चढला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू जायचं नाहीस. माझी मुलगी कुणाच्या दारात झोळी घेऊन उभी राहणार नाही."

मला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. पण खरी पंचाईत अशी होती की ते आव आणत नव्हते. त्यांना मनापासून वाटत होतं की एमिलने एकदा विचारून त्यांचा मान राखलाय आणि त्यांनी नको म्हणून एमिलचा राखलाय. त्या रात्री ते जेवले नाहीत.

शुक्रवारी सकाळी मी न सांगता बागेतूनच निघाले. पायाखालची जमीन फुटली होती आणि पानांच्या कडा करपून तपकिरी झाल्या होत्या. गिस्लरांच्या अंगणात कंपनीची गाडी उभी होती. स्वयंपाकघरात टेबलाशी एमिल, समोर चकचकीत बुटांतला एक तरुण आणि दोघांच्या मधे करारपत्र. व्हेरेना कॉफी ओतत होती.

"एमिल, सही करू नका," मी दारातूनच म्हणाले. "आम्हाला पाणी हवंय."

एमिलने मान वर केली. "तुझ्या वडिलांनी नको म्हटलं."

"ते खरं नव्हतं."

"इरज माझ्याशी खोटं बोलला?" तो रागावला नव्हता. त्याला लागलं होतं.

"खोटं नाही हो. आमच्यात पहिलं नको हे नको नसतं. तुम्ही परत विचाराल म्हणून ते थांबलेत."

"परत?" एमिल व्हेरेनाकडे बघायला लागला. "शहाण्यासुरत्या माणसाने नको म्हटल्यावर परत विचारायचं? म्हणजे त्याच्या तोंडावर सांगायचं की बाबा रे, तुझ्या शब्दावर माझा भरवसा नाही. मी इरजचा असा अपमान करीन?"

मला हसावं की रडावं ते कळेना. "बरं. मग आता मला विचारा. मी हो म्हणते."

"तसं नाही. त्याच्या पाठीमागे त्याच्या मुलीशी व्यवहार करणार नाही. त्याला हवं असेल तर तो सांगेल."

तरुणाने घड्याळ पाहिलं. "मिस्टर गिस्लर, मला अजून दोन ठिकाणी..."

"कॉफी संपव तुझी," एमिल म्हणाला. "तोवर थांबतो मी."

मी ओसरीवर जाऊन घरी फोन लावला. मामानने उचलला.

"बाबा कुठे आहेत?"

"बागेत बसलेत. माझ्याशीही बोलत नाहीत."

"त्यांना सांग, एमिल थांबलाय. पण त्याला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. त्या माणसाची कॉफी संपेपर्यंत वेळ आहे."

मामानने फोन ठेवला. मी आत येऊन भिंतीला टेकले. तो तरुण मोठे मोठे घोट घेत होता. माझा जीव त्या कपात अडकला होता. कप अर्धा झाला, मग तळ दिसायला लागला. व्हेरेनाने त्याच्याकडे न बघताच पुन्हा कप भरला. तो काही बोलणार होता, पण तिचा चेहरा बघून गप्प बसला.

मग अंगणात मर्सिडीज येऊन थांबली. चालत पाच मिनिटांची वाट, आणि बाबा गाडी काढून आले होते. त्या उकाड्यात अंगावर कोट, पायांत पॉलिश केलेले बूट. कोट म्हणजे अब्रू सांभाळायला आले होते. आता ते सुंदर शब्दांत सगळ्यांचे आभार मानणार आणि परत जाणार.

"बस, इरज," एमिल म्हणाला.

व्हेरेनाने चीजची बशी पुढे ठेवली. "घेणार?"

"नको, नको. आत्ताच खाऊन आलो," बाबा हसून म्हणाले.

व्हेरेनाने बशी उचलली. एमिलने कागद जवळ ओढला आणि चष्मा लावला. बाबा बशीकडे बघत होते. ती ओट्यापर्यंत गेली, व्हेरेनाने तिच्यावर झाकण ठेवलं, तरी ते तिकडेच बघत होते.

"व्हेरेना," ते म्हणाले. "ती बशी इकडे आणा."

ती वळली.

"मी खोटं बोललो. काल दुपारपासून जेवलो नाही. मला भूक लागलीय."

त्यांनी उभ्या उभ्याच चीजचा तुकडा तोंडात घातला आणि सावकाश चावून गिळला. मग ते म्हणाले, "एमिल, मला पाणी हवंय. बुधवारीही हवं होतं." मानाचं आगा वगैरे काही नाही, नुसतं एमिल. "आणि आत्ता माझ्याकडे पैसे नाहीत. बाग गहाण आहे. ही बाहेरची गाडी हप्त्यांवर आहे. पिस्ते विकले की देईन."

त्या परक्या तरुणासमोर हे बोलताना त्यांना किती जड गेलं असेल, ते माझं मला माहीत. मी जमिनीकडे बघत राहिले.

एमिलने चष्मा काढला. "मला वाटायचं, तुमच्याकडे खोऱ्याने पैसा आहे."

"मला वाटायचं, तुमच्याकडे काहीच नाही."

"जमीन आहे. रोकड नाही. दुधाच्या पैशात चारा सुटत नाही, म्हणून तर पाणी विकायला काढलं." त्याने चष्मा मिटून ठेवला. "काल अर्ध्या पाण्याचा शब्द कंपनीला दिला, आगाऊ पैसे घेतले, चारा आणला. तो शब्द मी फिरवणार नाही. उरलेल्या अर्ध्याची सही आज होती. ते तू घे. पैसे पीक आल्यावर."

बाबांनी मान हलवली.

"बुधवारी सगळं तुझं होतं, इरज," एमिल म्हणाला. टोमणा नव्हता तो. जे होतं ते त्याने सांगितलं, आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं.

बाबांचा हात छातीकडे गेला. "हो," ते म्हणाले, "अर्धं घेतो."

परत येताना त्यांनी गाडी आमच्या फाटकापाशी थांबवली. इथून बाग सुरू होते. रस्त्याकडच्या या रांगा बाबा आणि मामाननी पहिल्या वर्षी स्वतः लावल्या. नवरोजला लॉस एंजेलिसहून अख्खं गोत येतं आणि याच झाडांपुढे फोटो काढतं. येणारा-जाणारा जो तो हीच झाडं बघतो आणि आमचं आडनाव घेऊन म्हणतो, मोईनींचं बरं चाललंय.

"सगळीकडे थोडं थोडं सोडलं तर सगळंच पोकळ निघेल," बाबा म्हणाले.

"मग?"

ते उतरले. पुढच्या रांगेतला एक घोस हातात घेऊन बघितला, सोडला. "मागच्या झाडांवर माल जास्त आहे. पाणी तिकडे."

"आणि या रांगा?"

"या सुकू देत."

"बाबा, सगळ्या गावाला दिसेल."

"दिसू दे."

त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला, बाह्या सारल्या आणि वाकून पहिल्या रांगेचा व्हॉल्व्ह बंद केला. मग दुसऱ्या रांगेचा. रस्त्यावरून एक ओळखीची गाडी हॉर्न वाजवत गेली. बाबांनी मान वर करून तिला हात केला आणि ते तिसऱ्या रांगेकडे गेले.