नळी आणि अबोला

त्या खोलीत दिवस उगवत नव्हता आणि मावळतही नव्हता. खोल पाण्यातून वर बघावं तसे छतातले पांढरे दिवे हलत असायचे. माझी खाट त्या पाण्यावर तरंगायची. आजूबाजूला आणखी खाटा होत्या. प्रत्येकीवर एकेक माणूस, नळ्यांनी काठाला बांधून ठेवलेलं. निळ्या कपड्यातल्या सिस्टरा पावलांचा आवाज न करता मधून सरकायच्या, आणि कुठेतरी काहीतरी टिंग टिंग वाजत राहायचं. झोपेच्या औषधाचा अंमल होता, असं नंतर सांगितलं मला. तेव्हा मला ते सगळं खरंच वाटत होतं. अजूनही थोडं वाटतं.

माझ्या हृदयाची झडप बदलली होती. जुनी कामातून गेली म्हणे. इतकी वर्षं माझे राग आत-बाहेर करून दमली असणार बिचारी. ऑपरेशन चांगलं झालं, पण मागाहून फुप्फुसं रुसून बसली. मग तोंडातून घशात नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला श्वास देणारं मशीन.

त्या मशीनला मी मनातल्या मनात जाऊबाई म्हणायचे. काही जावा असतात ना, आपण पदर खोचून उठेस्तोवर त्यांची भांडीसुद्धा घासून झालेली, तशी ही. मी छाती उचलते न उचलते तोच हिने श्वास आत ढकललेला. मला मेलीचा असा राग यायचा! ती आत ढकलायला लागली की मी मुद्दाम बाहेर सोडायचे. मग ती कोकलायची आणि सिस्टर धावत यायची.

"आजी, मशीनशी भांडू नका हो. ते देतंय तो श्वास गपचूप घ्या."

गपचूप! आणि मी!

बोलता मात्र येत नव्हतं. आवाज जिथून निघतो नेमकी तिथूनच नळी खाली गेलेली. कुणाकडे जमीनजुमला असतो, कुणाकडे दागिने. माझ्याकडे जीभ आहे. तिच्यावर मी घर चालवलं, पोरं वाढवली, भाऊबंदांना उंबऱ्याच्या बाहेर ठेवलं. आता ती नळीखाली दडपलेली, आणि हात मऊ पट्ट्यांनी खाटेला बांधलेले, कारण मी नळी ओढायला गेले होते.

फुप्फुसांचे डॉक्टर उंच होते. प्रत्येक दार आपल्याच कपाळासाठी बांधलंय अशा बेताने मान वाकवून चालायचे. माझ्या पायथ्याशी उभं राहून त्यांनी मुलाला सांगितलं, "मशीनचा आधार कमी करून बघू. आपल्या आपण, शांतपणे श्वास घेत राहिल्या तर नळी काढू. नाही जमलं तर गळ्याला पुढून छिद्र पाडून तिथून नळी घालावी लागेल."

"मग बोलणं?" मुलाने विचारलं.

"ती नळी असेपर्यंत अवघडच. किती दिवस, ते आत्ता सांगता येणार नाही."

मी डोळे मिटून सगळं ऐकलं. पाणी एकदम गार झालं. मरणाचं मला एवढं काही नाही, ते एकदाच येतं. पण जिवंत राहून मुकं राहायचं? सगळे माझ्यासमोर चुकीचं करत राहणार आणि मी नुसती बघत बसणार?

आधार कमी केला तेव्हा मुलगा आणि लेक दोघं उशाशी होती. जाऊबाई मागे सरकली. आणि मुलगा सुरू झाला, "घे आई! अजून घे! शाब्बास!" चढावर बंद पडलेली गाडी ढकलताना ओरडतात ना, अगदी तसा. लेक एकीकडे डोळे पुसत होती, एकीकडे माझा हात दाबत होती. म्हटलं, दाखवतेच यांना. लोहाराचा भाता चालावा तसे एकामागून एक श्वास ओढले. खांदे उडायला लागले, कपाळावर घाम फुटला. मला वाटलं, जिंकले. पडद्यावरचे आकडे लाल झाले.

"खूप भरभर चाललेत," डॉक्टर म्हणाले. "वरच्यावर. आजी, जोर लावायचा नाही हो. लावायचाच नाही."

आता जोर न लावता या जगात आजवर काय झालंय? पण जाऊबाई परत पुढे आली आणि तिने माझ्या हातातलं काम काढून घेतलं. उद्या सकाळी आणखी एकदा बघू, मग ठरवू, असं म्हणून डॉक्टर वाकून दारातून गेले.

सिस्टर मुलाला म्हणाली, "दादा, तुम्ही जवळ असलात की त्या चढाओढीला लागतात. उद्या एकच माणूस बसू दे. पण न बोलणारं."

"न बोलणारं?" मुलगा म्हणाला. "आमच्या घरात? सिस्टर, आमच्याकडे दार उघडलं तरी ते दोन शब्द बोलतं."

"बघा बाई, कुणीतरी असेल."

तो म्हणाला, "आहे एक. माझी बायको. तिचा आणि आईचा अबोला चाललाय."

सिस्टरला हसू आवरेना. मला आवाज असता तर दोघांची कानउघाडणी केली असती. ही काय गावभर सांगायची गोष्ट आहे?

पण होता खरा अबोला. ऑपरेशनच्या आधी मी सुनेला म्हटलं होतं, "तुला माझी ब्याद टाळायची आहे, म्हणून माझी छाती फाडायला निघालीस." ती भांडं पुसता पुसता म्हणाली, "ब्याद टाळायची असती तर ऑपरेशन कशाला? नुसती वाट बघितली असती." उत्तर चोख होतं. म्हणून तर झोंबलं. तेव्हापासून बंद. आमच्याकडे अबोल्याचे नियम आहेत. काम अडवायचं नाही. सांगायचं ते भिंतीला सांगायचं: "कुणाला भूक असेल तर ताट झाकून ठेवलंय." आणि जी आधी बोलेल, ती हरली.

सकाळी सून आली. निळा गाऊन, तोंडाला पट्टी, वर नुसते डोळे. ते तिने माझ्याकडे वळवलेसुद्धा नाहीत. स्टूल ओढलं, बसली, माझ्या पायावरच्या चादरीची सुरकुती तळहाताने सारखी केली आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. कशी आहात नाही, घाबरू नका नाही, शाब्बास तर नाहीच नाही. मीही छताकडे बघत राहिले. नियम म्हणजे नियम.

सिस्टरने आधार कमी केला. जाऊबाई मागे सरली. मी दोन श्वास तावातावाने ओढले. पण कुणी बघतच नसेल तर ताव दाखवायचा कुणाला?

थोड्या वेळाने स्टुलावरून आवाज यायला लागला. बारीक, लयीत. बाई बसल्या जागी घोरत होती. घर, दवाखाना, पोरांचे डबे, सगळं एकटीने ओढून दमलेली. मान कलली होती, पट्टी श्वासाबरोबर फुगायची आणि बसायची. मी ऐकत राहिले. दिवे पुन्हा पाण्यात गेले.

मग आम्ही दोघी गच्चीवर होतो. वारा होता. आमच्यामध्ये एक पांढरी चादर, वाळलेली, तिची दोन टोकं माझ्या हातात, दोन तिच्या. अबोल्यातही चादरीची घडी दोघींनाच घालावी लागते, एकटीला जमत नाही. ती पुढे आली, तिच्या बोटांतली टोकं माझ्या बोटांत आली. ती मागे गेली, चादर ताणली गेली. पुढे आली. मागे गेली. चादर काही संपेना. घडीवर घडी पडत होती तरी ती तेवढीच लांब, गच्चीच्या कठड्यावरून खाली उतरलेली, रस्त्यावरून, छपरांवरून, थेट जिथे आभाळ टेकतं तिथवर. घाई कुणालाच नव्हती. ती आली की माझी छाती भरायची, गेली की रिकामी व्हायची. मी काहीही करत नव्हते. जन्मात पहिल्यांदा मी काहीही करत नव्हते, आणि काम होत होतं.

"आजी. आजी, डोळे उघडा."

उंच डॉक्टर वाकले होते. पडद्यावरचे आकडे हिरवे होते. "उत्तम. इतका वेळ अगदी संथ. माझा हात दाबा. डोकं उचला. आता मोठ्ठा खोकला काढा."

मी खोकले, आणि खोकता खोकता घशातून काहीतरी लांबच लांब सरकत बाहेर आलं, विहिरीतून दोर ओढावा तसं. सगळा घसा सोलल्यासारखा झाला. तोंडावर वाफेचा मास्क आला. हवा आत गेली, माझी मी घेतलेली, कुणी न ढकललेली. गोड लागली. हवेला चव असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सिस्टरने हाताच्या पट्ट्या सोडल्या. "आवाज बघू हं," डॉक्टर म्हणाले. "घोगरा येईल, घाबरू नका. काहीही बोला."

सून धडपडून उभी राहिली होती. कपाळावर खाटेच्या कठड्याचा वळ, डोळे लाल. मुलगा काचेपलीकडे दोन्ही हात जोडून उभा. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी मास्क जरा बाजूला केला. ओठ हलवले, नुसती हवा आली. परत हलवले. फाटका, कुठल्या तरी म्हाताऱ्या पुरुषाचा वाटावा असा आवाज निघाला.

"घोरतेस तू."

पट्टीच्या वर सुनेचे डोळे भरले, आणि भरता भरता बारीक झाले. ती हसत होती.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही आधी बोललात."

"डॉक्टरांनी सांगितलं म्हणून," मी म्हटलं. "हे धरायचं नाही."

"धरायचं म्हणजे धरायचं. सिस्टर, तुम्ही ऐकलंत ना?"

"आज फार बोलू देऊ नका यांना," डॉक्टर सिस्टरला म्हणाले.

"कुणीतरी," मी छताला सांगितलं, "आधी त्या पोरीला चहा पाजा."