मास्तरीणबाईंच्या अंगठ्यातला मी

मित्रांनो, मला तुम्ही पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. मी एक केमोकाइन रिसेप्टर आहे. गणवेशांच्या दुकानात कापड कापणाऱ्या एका बाईंच्या उजव्या अंगठ्यात, वेदनेच्या नसेवर माझी जागा. कापड कापणाऱ्याला दुकानात मास्तर म्हणतात, म्हणून सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणतात. कुठे इजा झाली की केमोकाइन नावाचे रासायनिक निरोप सुटतात. ते ऐकायचे आणि नसेला कळवायचे, हे माझं काम. आमच्यातले जुने झडतात, नवे येतात. तेव्हा 'मी' म्हणजे आमची सगळी भावकी समजा.

आधी मी जवळजवळ रिकामटेकडाच होतो. एका सकाळी दुकानाचं शटर ढकलताना बाईंचा अंगठा त्यात सापडला. मग काय विचारता! निरोपांवर निरोप आले. पांढऱ्या पेशींवरच्या माझ्या भाऊबंदांनी त्या पेशींना जखमेची वाट दाखवली, मी नसेला हाक मारली. अंगठा सुजला, ठणकला. ठणकला म्हणूनच बाईंनी त्याला जपलं. तीन आठवड्यांत जखम भरली.

पण मला थांबताच येईना. आमची संख्या वाढत गेली. नस स्वतःच निरोप सोडू लागली आणि तेच ऐकून आम्ही पुन्हा ओरडू लागलो. कापडाची घडी नुसती घासली तरी मी दचकायचो.

"आई, एक्स-रेच्या फोटोत काहीच नाही म्हणाले ना डॉक्टर? मग दुखतं कसं?" लेकीने विचारलं.

"नाही दुखत," बाई म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी तो विषयच काढला नाही.

सात महिन्यांनी, ऐन घाईच्या दिवसांत, अंगठ्यात कळ आली, कात्री निसटली आणि शर्टांच्या कापडाचा अख्खा थर तिरका कापला गेला.

मालक म्हणाले, "हात चालत नसेल तर घरी बसा. नाटकं नकोत."

"नाटक नाही हो!" मी आतून ओरडलो. पण माझ्या ओरडण्याने काय झालं? आणखी एक कळ आली, एवढंच.

घरी येऊन बाई भरल्या ताटावरून उठल्या. तेव्हा लेक घाबरली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी अंगठ्यावरून कापसाचा बोळा फिरवला. बाई कळवळल्या.

"हे दुखणं खरं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जखम भरली, पण नसा अजून धोक्याची हाक देताहेत. कमी होईल, सावकाश. पूर्ण जाईल असं वचन मात्र देत नाही."

बाई एकदम रडू लागल्या.

"आई, मी तुला खोटं पाडलं गं," लेक म्हणाली.

"तू कशाला? मीच नाही म्हणाले होते ना."

आता औषध आहे, हाताचा व्यायाम आहे, हलकी कात्री आहे. दुकानात बाई अर्धाच दिवस कापतात. मी पुष्कळ निवळलोय, तरी थंडीत बेचैन होतो.

मित्रांनो, बाईंना दुखणं मी दिलं, हे कबूल. पण सात महिने त्यांनी ते एकटीने सोसलं, ते माझ्यामुळे नाही. कुणी 'दुखतंय' म्हणालं, तर जखम शोधत बसू नका. आधी त्याच्याजवळ बसा.