करियाचा घास

करियानं माझ्या हातचं दूध हुंगलं आणि तोंड फिरवून घेतलं. तेच दूध, तोच मातीचा परळ, घटकाभरानं माझी धाकटी जाऊ गिरिजा घेऊन बसली, तर त्यानं लपालपा पिऊन परळ चाटून लख्ख केला. अंगाचा तिळपापड होतो म्हणजे काय होतं, ते मला त्या सकाळी नीट कळलं.

तसं बघितलं तर कुत्रं मामांचं. मामा म्हणजे आमचे सासरे, नागप्पा. मुरूम गावात आमची धान्याची अडत होती. एकदा आळंदहून परत येताना गाडीवाटेत सापडलेलं पिलू त्यांनी उपरण्यात गुंडाळून आणलं आणि माझ्या पदरात टाकलं. काळं कुळकुळीत, म्हणून कानडीत करिया. त्याचे डोळेही उघडले नव्हते. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून त्याला जगवलं ते मी. गिरिजा तेव्हा या घरात आलीसुद्धा नव्हती. ती आली तोवर करिया चांगला दांडगा झाला होता. मी वाढवायचं आणि हिनं मिरवायचं, आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

भादव्यात मामा लिंगैक्य झाले. आमच्या लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणं त्यांना बसवूनच मळ्यात समाधी दिली. करिया सगळ्यांच्या मागून गेला आणि सगळ्यांच्या नंतर परत आला. तेव्हापासून त्याचं खाणं उतरलं. पुढ्यात टाकलेलं कधी खायचा, कधी कावळे न्यायचे. दिवाळीच्या सुमाराला त्यानं अंगच टाकलं. नाक कोरडं पडलं, मागचे पाय लटपटायला लागले, अंग तव्यासारखं तापलं. उमरग्याला गुरांचा सरकारी डॉक्टर होता, सलोतरी म्हणायचे त्याला. पण कुत्र्यासाठी त्याच्या दारात गेलं तर गाव हसेल, असं आमच्या मालकांचं म्हणणं पडलं. लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, ज्वारी सरकारच्या लेव्हीत जात होती, आणि ही बाई कुत्र्याला म्हशीचं धारोष्ण दूध पाजते, म्हणून सासूबाई कुरकुरायच्या. मी कुणाचं ऐकलं नाही.

पोत्यांची घडी करून मी त्याला मागच्या सोप्यात निजवलं. कपाळावर ओलं फडकं ठेवलं, पायांना तेल-हळद चोळली, कानातल्या गोचड्या काढल्या. माझ्या पोटच्या पोरांनाही इतकं केलं नसेल. करिया सगळं करू द्यायचा, माझ्या मांडीवर डोकंही ठेवायचा. फक्त माझ्या हातचं खायचा नाही. पहाटे म्हशीची धार काढली की आंघोळीच्याही आधी मी दूध घेऊन त्याच्याकडे धावायची. आमच्या घरात लिंगपूजा झाल्याशिवाय कुणी पाण्याचा थेंब घेत नाही, पण आजाऱ्याला कसला आलाय नेम, असा माझा विचार. दुपारी स्वयंपाक उरकून, हात धुऊन, भाकरी दुधात कुस्करून पुन्हा जायची. तो हुंगायचा आणि मान वळवायचा. दुधावर साय धरायची आणि मी बघत बसायची.

आणि गिरिजाबाई आरामात यायच्या. सावकाश आंघोळ, सावकाश पूजा, मग पदर सावरत सोप्यात. चुलीपासून उठून मी दाराच्या फटीतून सगळं बघायची. ती आधी डावा हात त्याच्या तोंडापुढं करायची, मग उजव्यानं घास द्यायची. आणि तो खायचा. थोडंच, पण खायचा. तेवढ्यावर तो तगून होता, हेही मला कळत होतं. म्हणून तिला उठवून लावता येत नव्हतं, आणि बघवतही नव्हतं.

एकदा सासूबाईंजवळ मी चुगली केली, की मुक्या जिवाला धाकटी डावा हात दाखवते, हिला काही रीतभात आहे का. कुत्र्याला कसलं आलंय उजवं-डावं, म्हणून त्यांनी मलाच वाटेला लावलं.

मग मला वाटलं, ही सगळी कानडीची जादू. मामा करियाशी कानडीतच बोलायचे. गिरिजाचं माहेर आळंदकडचं, कानडी तिच्या तोंडात लोण्यासारखी. मी जळकोटची, कानडी समजते, पण बोलायला गेले की जीभ अडखळते. तरी मी शेजारच्या इरम्माकडून चार लाडाचे शब्द घोकून आले. परळ पुढं ठेवून “ऊटा माडो करिया, ऊटा माडो,” म्हणजे जेव रे बाबा, असं आळवत बसले. करियानं जांभई दिली. दाराआडून गिरिजाचं हसू ऐकू आलं. त्या दिवशी मी तिच्या ताटात भाजी वाढली, ती मुद्दाम तळाची करपलेली.

असं चाललं असताना गिरिजाच्या माहेरहून गाडी आली. तिच्या वडिलांनी अंथरूण धरलं होतं, पोरीला लगेच पाठवा असा निरोप होता. तिचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, त्याबरोबर बरंही वाटलं. आता बघू, म्हटलं, करिया कुणाकडं तोंड करतो ते.

पण लगेच दुसरा विचार आला. ही गेल्यावर त्यानं कुणाच्याच हातचं खाल्लं नाही तर? बरगड्या मोजून घ्याव्यात इतका तो वाळला होता.

बैल जुंपले होते. गिरिजा गाडीत चढली, पुन्हा खाली उतरली आणि मला हाताला धरून गोठ्याच्या आडोशाला घेऊन गेली.

“आक्का, करियाला आदी डावा तळहात हुंगायला द्या,” ती म्हणाली. “तुमची पूजा झाली की लगेच. हात धुवायचा न्हाय. मामा रोज तसंच करायचे. म्या त्यांच्या पूजेची मांडणी करायची, तवा बघायची. तळव्यावरचं भस्म हुंगल्याबिगर त्यो घास घेत न्हाय.”

आमच्यात इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. भस्म, बेल, पाणी, सगळं त्याच तळव्यावर. मामांची पूजा आटोपली की करियाचं जेवण, हा त्याचा जन्माचा शिरस्ता होता. आणि मी त्याला पारोशा हातानं दूध पाजायला जात होते. घरातल्या माणसांसारखंच कुत्रंही पूजेआधी खात नव्हतं आणि नेम मोडायला निघाले होते मी. मामांच्या पूजेच्या वेळी मी चुलीपुढं असायची. मला काय ठाऊक?

“आन् हे आज सांगतीस?” मी म्हणाले.

गिरिजानं खाली बघितलं. “ह्या घरात चूल तुमची, दुभतं तुमचं, किल्ल्या तुमच्या. येवढं एकच माजं हुतं, आक्का. आज बी सांगितलं नसतं. पर म्या येईपस्तोर त्यो उपाशी मरंल.”

ती गाडीत बसून गेली. मी तिथंच उभी. मी तिचा हेवा करत होते आणि ही बया माझा करत होती! आणि एक गोष्ट मला झोंबली ती झोंबलीच. तिच्या जागी मी असते, तर मी काही सांगितलं नसतं. कुत्रं गाडीत घालून माहेरी नेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी धार काढून ठेवली, आंघोळ केली, पूजेला बसले. पूजेत लक्ष कुठलं? लिंग गळ्यात घातलं आणि तशीच भस्मानं भरलेला ओला तळवा घेऊन सोप्यात गेले. करियापुढं हात धरला. त्यानं हुंगलं. मग तळव्यात हनुवटी टेकली, डोळे मिटून घेतले आणि इतका मोठा श्वास सोडला, की माझ्या मनगटाला ऊब लागली. उजव्या हातानं मी घास पुढं केला. त्यानं खाल्ला. दुसरा खाल्ला. मी रडायलाच लागले. जिंकले होते ना मी.

पण खाताना त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. तो बघत होता समोरच्या कोपऱ्यात. तिथं मामांचा पूजेचा पाट भिंतीला उभा करून ठेवला होता. एकेक घास गिळायचा आणि तिकडं बघायचा. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. तो गिरिजाच्या हातचं खात नव्हता, माझ्याही नाही. आम्ही दोघी ज्याच्यासाठी एकमेकींच्या जिवावर उठलो होतो, ते प्रेम समाधीत बसलेल्या म्हाताऱ्याचं होतं. जिवंतपणी ज्या मामांना मी वर मान करून बोलले नाही, त्यांचाच मला हेवा वाटला. आणि मेलेल्या माणसाच्या ताटात करपलेली भाजीही वाढता येत नाही.

करिया उठला. आधी भिंतीच्या आधारानं, मग आपलाआपला. ताप उतरला, नाक ओलं झालं, दारावरून जाणाऱ्या तट्टांवर भुंकायलाही लागला.

गिरिजा परतली ती दिवस कलताना. गाडीतून उतरली, सासूबाईंच्या पाया पडली आणि वडील लिंगैक्य झाले एवढंच सांगितलं. डोळे कोरडे होते. करिया शेपूट हलवत गेला, तिच्या डाव्या हाताला नाक लावलं. दिवसभराचा प्रवास, तळव्यावर धूळ नि घाम. तो वळला आणि जाऊन मामांच्या पाटापाशी बसला. गिरिजा त्याच्या मागं गेली, त्याच्याशेजारी जमिनीवर बसली, आणि त्याच्या पाठीवर डोकं टेकून तेव्हा कुठं रडली. त्या दोघांचं दुःख एकच होतं. मी दारात उभी होते आणि त्यात मला जागा नव्हती.

ती निवल्यावर मी पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला.

“उद्यापासनं करियाला तूच दे,” मी म्हणाले.

“आन् तुमी?”

“मला चूल हाय.”

तेव्हापासून तीच देते. मी चुलीपुढं बसून भाकऱ्या थापते. सोप्यातून तिची कानडी ऐकू येते, करियाची शेपटी जमिनीवर आपटलेली ऐकू येते, आणि रोज एक तरी भाकरी माझ्या हातून करपते. ती मी माझ्या ताटात घेते.