सगळ्याच गठ्ठ्यांना सुतळी

आत्याच्या ऑफिसात ठेवायच्या फायलींना सुतळी बांधतात आणि रद्दीच्या मोकळ्या सोडतात. जुन्या फायलींची खोली रिकामी करायला मी तिच्या मदतीला गेले, तेव्हा हे मला कोणी सांगितलंच नाही. उचलायला सोपं पडावं म्हणून मी सगळ्याच गठ्ठ्यांना बांधली.

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, यात लोकांच्या पेन्शनचे कागद आहेत. ते रद्दीत गेले तर त्या म्हाताऱ्यांनी जायचं कुठे?"

"ताई, टेम्पो थांबलाय," रद्दीवाला दारातून म्हणाला.

"थांबू दे की," मी खेकसले.

"खोली आज रिकामी झाली नाही तर साहेब मला घरी बसवतील," आत्या पुटपुटली. तरी तिने टेम्पो परत पाठवला.

आम्ही दोघी फरशीवर बसून एकेक गाठ सोडायला लागलो. जिन्यात साहेबांचे बूट वाजले. आत्याने मान वर केली नाही.