माझ्या कड्यावर टांगलेला सत्कार

मित्रांनो, मी धुळ्याच्या एका हायस्कूलच्या मैदानावरचा बास्केटबॉलचा जुना खांब आहे. गंजलो आहे, पण आज गप्प बसणार नाही.

शकीलभाई वेल्डरनं मला घडवलं. तेव्हा शाळेचे बास्केटबॉलचे शिक्षक लोटन सर रोज त्याच्या दुकानात येऊन माझं बॉल जाण्याचं कडं न्याहाळायचे.

“सर, मुलगी बघायला आल्यासारखं काय बघताय? जोडतोय ना!” शकीलभाई वैतागायचा.

सर सकाळी हायस्कूलच्या पोरींना शिकवायचे, संध्याकाळी त्याच संस्थेच्या कॉलेजच्या पोरींना. खाली नुसती माती होती. जुन्या खेळाडूंना हाताशी धरून सरांनी सिमेंटचं कोर्ट घातलं, स्वतः त्यावर पाणी मारलं. आणि संस्थेनं काय केलं? पोरी कप जिंकून आल्या की माझ्याखाली उभं राहून फोटो काढले. एरवी मला मोटारसायकली टेकवल्या!

यंदा सर निवृत्त झाले, तरी पोरींचा सराव घेणं सोडलं नाही. जळगावची स्पर्धा तोंडावर असताना संस्थेनं त्यांचा सत्कार ठरवला, तोही याच कोर्टावर. मंडपवाल्यांनी पहारी घातल्या, सरांचं सिमेंट फोडून बांबू रोवले. वर सरांच्याच फोटोचं भलंमोठं बॅनर माझ्या कड्यावर बांधलं. कडं दिसेनासं झालं.

संध्याकाळी सर पोरींना घेऊन सरावाला आले आणि जागीच थबकले.

“आबा, माझ्या सत्काराला माझंच कोर्ट फोडलंत?”

संस्थेचे अध्यक्ष प्रेमराज आबा हसले. “तुमच्यासाठीच तर चाललंय! खड्डे नंतर बुजवू. अहो, खेळ रोजना शे. मान एकदाच भेटस!”

सर कॅप्टनकडे वळले. “रुपा, वर चढ. बॅनर सोड.”

“सर, तुमना फोटो शे ना!”

“फोटोतून बॉल जात नाही. सोड दोरी.”

रुपानं दोरी सोडली. सरांचा हसरा चेहरा खुर्च्यांवर आडवा झाला. संघातल्या तहरीमनं लांबूनच बॉल टाकला आणि तो माझ्या कड्यातून अलगद खाली आला. मंडपवाल्यांनीच आधी टाळ्या वाजवल्या! आबा शाल काखेत मारून तरातरा निघून गेले.

सत्कार रद्द झाला. दुसऱ्या दिवशी मंडपवाल्यांनी मंडप उपटून नेला. खड्डे मात्र ठेवून गेले. त्याच संध्याकाळी बॉलमागे धावताना रुपाचा पाय खड्ड्यात गेला. घोटा टम्म सुजला. संघ तिच्याविना जळगावला गेला आणि हरून आला. त्या दिवशी ती माझ्या पायाशी बसून रडली. मी लोखंडाचा, तिला जवळ कसं घेणार?

आबांचं ‘नंतर’ अजून उगवलेलं नाही. हल्ली निवृत्त सर घमेलं घेऊन येतात, वाकून एकेक खड्डा बुजवतात. लंगडणारी रुपा त्यांना पाणी आणून देते. गेटावरून जाणारे लोक त्यांना आदरानं नमस्कार करतात आणि पुढे जातात.

मित्रांनो, तुम्ही तरी तसे जाऊ नका. नमस्कार राहू द्या. आत या आणि त्या घमेल्याला हात लावा.