टिंग वाजणारा डबा

कागदावर छापलं होतं, 'मानवी चूक मान्य आहे', आणि खाली तिचं नाव घालून मानवाच्या सहीसाठी जागा सोडली होती. कागद घेऊन आला होता तिचा सख्खा दीर. कंपनीतल्या कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालेली युक्ती असणार. सॉफ्टवेअर दिराने बनवलंय, चूक वहिनीच्या गळ्यात घालायची आहे, तेव्हा घरातल्या घरात मिटून जाईल.

"नुसती फॉर्मॅलिटी आहे गं वहिनी," तो म्हणाला. "दुपारपर्यंत वर द्यायचाय."

"बसा ना भाऊजी. उभे का?"

दीर खुर्चीच्या कडेवर टेकला. एरवी ती त्याला सरळ अरे-तुरे करायची. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा हा शाळेच्या अर्ध्या चड्डीत होता. वहिनीला राग आला की आवाज चढत नसे, आदर चढत असे. 'भाऊजी' म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं होतं.

सही केली की रिपोर्टवर सही करायचा तिचा अधिकार जाणार होता. रक्ताच्या प्रयोगशाळेची प्रमुख ती राहिली असती, पण हळदीकुंकवाच्या करंडीतल्या आरशाइतकी, शोभेपुरती. काचपट्ट्या दुसऱ्या कुणीतरी बघायच्या आणि हिने रजेचे अर्ज मंजूर करायचे.

झालं होतं ते असं. रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची, एकेक पांढरी पेशी ओळखायची आणि तिच्या नावाची कळ दाबायची. शंभर झाल्या की थांबायचं. मध्ये डोळा भिंगावरून हलला, तर आपण पट्टीवर नेमके कुठे होतो ते हरवतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून पूर्वी तिथे एक काळा डबा होता. जाडजूड कळा, आणि शंभरावर 'टिंग'. इथली माणसं त्या कळा न बघता दाबत. बोटं पेशी मोजत आणि तोंड नणंदेच्या तक्रारी सांगत असे. मोजणी कधी चुकली नाही, तक्रारी कधी संपल्या नाहीत.

मग 'वापरायला सोपं' असं सॉफ्टवेअर आलं. काचेचा सपाट पडदा, त्यावर फिकट रंगांची गोल गोल बटणं. बोटाला काही लागत नाही, कानाला काही ऐकू येत नाही. तरी इथल्या लोकांनी सवयीने डोळा भिंगालाच ठेवला आणि बटणांच्या जागा पाठ करून टाकल्या. 'जतन करा' उजव्या कोपऱ्यात खाली, तेही न बघताच. आणि हा पडदा असा हुशार, की मोजणी चालू असताना तातडीचा नमुना आला तर यादीत आपोआप वर चढवायचा. निवडलेली ओळ तिथेच राहायची, तिच्यातलं नाव बदलायचं.

त्या दिवशी ती एका शाळकरी मुलीची पट्टी मोजत होती. पेशी वाईट दिसत होत्या. तेवढ्यात पायाला गळू झालेल्या एका ड्रायव्हरचा नमुना तातडीचा म्हणून आला, ओळीत घुसला, आणि मुलीची मोजणी त्याच्या नावावर जतन झाली. पुढची पट्टी ड्रायव्हरची. ती पुढच्या ओळीत, म्हणजे मुलीच्या नावावर. धडधाकट माणसाला रक्ताच्या कॅन्सरचा संशय, आणि पोरगी 'सर्व ठीक' म्हणून घरी.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट चाळताना तिलाच खटकलं. तिनेच पट्ट्या पुन्हा पाहिल्या, तिनेच दोन्हीकडे फोन केले. "पण काल तर तुम्ही काही नाही म्हणालात," एवढंच मुलीची आई म्हणाली. मुलगी आता वॉर्डात होती. ते वाक्य अजून कानातून जात नव्हतं.

"तुम्ही इथे आमच्या कामाच्या अभ्यासाला आला होतात ना भाऊजी?" तिने विचारलं. "चांगले आठवडाभर बसला होतात. मला विचारलंत, कुठला रंग आवडतो. मी काय म्हटलं?"

"आवाज आवडतो म्हणालीस."

"मग?"

तो चष्मा पुसू लागला. "घातला होता गं. खऱ्या कळा, टिंग, सगळं होतं. मोजणी चालू असेपर्यंत ओळीला कुलूपसुद्धा होतं. पण आमचे साहेब म्हणाले, हे टाइपरायटरसारखं दिसतं. तुमच्या हॉस्पिटलच्या अधीक्षकांनाही गोल बटणं आवडली. सगळं काढलं."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं... पुढच्या आवृत्तीत बघू."

आतापर्यंत तिला वाटत होतं की हा मूर्ख आहे. मूर्खपणावर ती रागावली असती, जेवायला वाढलं असतं आणि विसरली असती. पण याला माहीत होतं. माहीत असून हा गोल बटणं रंगवत बसला होता.

"चला भाऊजी," ती उठली. "अधीक्षकांकडे जाऊ. तुम्ही पुढे व्हा, तुम्हाला मान आहे."

अधीक्षकांच्या केबिनमध्ये एसी इतका जोरात होता की ते स्वतः शाल घेऊन बसले होते. दिराने घसा साफ केला. "सर, वापरकर्त्याच्या अनुभवाच्या दृष्टीने काही सुधारणांना वाव—"

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "घरी बोलता तसं बोला."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग शालीकडे. "मोजताना नाव बदलतं, सर. मला माहीत होतं. मी बोललो नाही."

अधीक्षकांनी दिराच्या हातातला कागद जवळ ओढला, पेनाचं टोपण काढलं. त्यांचा चेहरा उजळला होता.

"म्हणजे मानवी चूकच की!" ते म्हणाले. "मजकूर तोच राहू दे. नाव तेवढं बदलू." तिचं नाव त्यांनी नीट एका रेघेत खोडलं आणि दिराचं लिहिलं. "बाई, तुम्ही सुटलात. करा सुरू काम."

"आणि पडदा?"

"पडद्याला काय झालंय?"

"आभारी आहे, साहेब," एवढं ती म्हणाली. साहेबांना तिच्या आदराचा अर्थ ठाऊक नव्हता, त्यामुळे ते खूश झाले.

प्रयोगशाळेत येऊन तिने पडद्याची वायर भिंतीतून उपटली. पडदा उचलून केराच्या बादलीशेजारी तोंड भिंतीकडे करून ठेवला. कपाटातून काळा डबा काढला, पदराने पुसला, पट्टी सरकवली आणि भिंगाला डोळा लावला. खट, खट, खट.

दीर दारात उभा होता. हातात तोच कागद, आता त्याच्या नावाचा.

"वहिनी, हे लोक मला काढतील गं. तू एकदा दादाला सांगशील का, की मी..."

"भाऊजी, मध्ये बोलू नका," ती भिंगावरून न हलता म्हणाली. "मी मोजतेय."

तो तिथेच थांबला. बऱ्याच वेळाने टिंग वाजलं. तिने आकडे कागदावर उतरवले, खाली सही केली आणि पुढची पट्टी घेतली.